वरच्या मजल्याची फरशी

४ सप्टेंबर

वरच्या मजल्याचं काम आज नक्की केलं. बांधून बरीच वर्षं झाली. भिंतींना गिलावा आहे, खाली नुसतं सिमेंट. दरवर्षी या दिवसांत नजीबा तिथे हरिसाच्या चटणीसाठी मिरच्या वाळत घालते. घर बांधलं अनीससाठी आणि राहतात मिरच्या.

अनीस परवा जर्मनीहून फोनवर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बघू, बाबा." म्हणजे परत यायचं त्याच्या मनात आहे. नजीबा म्हणाली, "बघू म्हणजे बघू." शब्दांच्या बाबतीत माझी बायको फार कडक आहे.

आता रंग आणि फरशी एवढंच उरलंय. हिवाळ्याची ओल धरायच्या आत उरकायला हवं. बंदराच्या पुलावर नोकरीत असताना रोज नोंदवही लिहायचो, निवृत्तीनंतर ती सवय सुटली. या कामाच्या निमित्ताने पुन्हा लिहीन.

आज रौधा माहेरी आली, मुलीला, सिरीनला घेऊन. आठवडाभर राहणार आहे म्हणते. राजधानीत फार उकडतं, आपल्या बिझर्तला निदान समुद्राचा वारा तरी असतो. सोबत दोन मोठ्या बॅगा, शिलाई मशीन आणि सिरीनचा लोकरी कोट. म्हटलं, "कोट कशाला?" म्हणाली, "थंडी सांगून येत नाही, बाबा." खरं आहे.

७ सप्टेंबर

रौधाला घेऊन फरशीच्या दुकानात गेलो. पांढरी, चकचकीत, मोठ्या आकाराची लादी मला पाहताक्षणी आवडली. दुकानदार मला म्हणाला, "ही लावा, सी तिजानी, घरात आरशाची गरज नाही." अनीसला असलंच आवडेल. तिकडे सगळं पांढरं असतं.

रौधाने पिशवीतली पाण्याची बाटली काढून लादीवर ओतली. "चाला," म्हणाली.

चाललो. ठरवलं होतं त्यापेक्षा थोडा जास्तच पुढे गेलो. दुकानदाराने टेबल धरलं, रौधाने मला.

चार नमुने घरी आणले.

९ सप्टेंबर

स्वयंपाकघरात चारही लाद्या मांडल्या आणि प्रत्येकीवर तेलातला हरिसा, कॉफी आणि टोमॅटोचा रस्सा टाकला. तासभर तसंच ठेवलं. नजीबा म्हणाली, "मुलगा इंजिनिअर झाला, आता बाप होतोय."

निकाल असे. पांढरी: धुतली जाते, पण धुवेपर्यंत खाटीकखाना दिसते. काळी: हरिसा दिसत नाही, पण धूळ, पावलं, पाण्याचे थेंब, सगळं दिसतं. खडबडीत, दगडासारखी: घसरत नाही, पण तिच्या भोकांत हरिसा बसला तो ब्रशनेही निघेना. नजीबाने घासून पाहिलं आणि विचारलं, "अनीस येताना घासायला माणूस पण आणणार का?" चौथी वाळूच्या रंगाची, बारीक ठिपक्यांची, बिनचमक. तिच्यावर हरिसा कुठे सांडलाय ते आम्हाला शोधावं लागलं.

"हीच," रौधा म्हणाली.

म्हटलं, "हिला रंगच नाही. अनीस इंजिनिअर आहे."

"म्हणून त्याच्या हातून सांडत नाही?"

हे चाललेलं असताना सिरीनच्या हातून दुधाचा ग्लास पडून फुटला. कोणी काही बोलायच्या आत पोरीने मधलं दार लावून घेतलं, झाडू आणला, काचा गोळा केल्या, फडकं फिरवलं. सहा वर्षांची आहे. तोंडातून हूं की चूं नाही. मी म्हटलं, "रौधा, पोरीला वळण चांगलं लावलंयस." रौधा फडकं पिळत राहिली. कौतुक ऐकायची तिला सवय नाही.

१५ सप्टेंबर

शाळा सुरू झाल्या. सिरीनला आपल्या कोपऱ्यावरच्या शाळेत घातलं. एका आठवड्यासाठी नाव घालायचं मला जरा जास्त वाटलं, आणि तो आठवडाही संपून गेलाय. पण नजीबा म्हणाली, "मुलीची शाळा बुडू नये." शिक्षणाबाबत मी आडवा येत नाही.

जावयाचा फोन नाही. शुक्रीला कामं फार असतील.

२१ सप्टेंबर

उस्ता फरहात रंगाचं बघायला आला. तीन दिवसांपूर्वी येणार होता. फरशी, रंग दोन्ही तोच करतो. त्याचं म्हणणं, सगळीकडे तेलाचा चकचकीत रंग मारा, नातवंडांचं लग्न होईतो हलत नाही.

रौधा म्हणाली, समुद्राकडच्या भिंतीला तेलाचा रंग नको, आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही, पोपडे धरतील. तिथे चुनाच हवा.

फरहातला राग आला. "माझ्या स्वतःच्या घरी तेलाचा रंग आहे." दोन गल्ल्या पलीकडे राहतो, म्हणून बघायला गेलो. भिंत उत्तम होती. कपाट जरा सरकवलं तर मागे बशीएवढे फोड. फरहात म्हणाला, हे कपाटामुळे.

परत येताना रौधाने सगळं नीट मांडून सांगितलं. झोपायच्या खोल्यांना बिनचमक मॅट रंग, त्यात गिलाव्याचे उंचसखल भाग झाकले जातात, पण धुता येत नाही. जेवायच्या खोलीला आणि बोळाला सॅटिन, मंद चमकेचा. "सॅटिनवरचा चहा लगेच पुसला तर डाग राहत नाही. ग्लास लागला तर मात्र गिलावा उडतो. मग पुट्टी भरायची. वरून तोच रंग दिला तरी ती जागा उजेडात दिसते."

विचारलं, "तुला एवढं कसं माहीत?"

"आमच्याकडे सॅटिन आहे."

उपयोगी माहिती, म्हणून इथे लिहून ठेवली.

२८ सप्टेंबर

अनीसचा फोन, चेहरा दिसतो तो. मी चारही लाद्या कॅमेऱ्यासमोर धरल्या. तो म्हणाला, "तुम्हाला आवडेल ती घ्या, बाबा." रंग विचारला. "तुम्हाला आवडेल तो." आईबापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नाही हा मुलगा.

मग मी लाकडी पट्ट्यांचं विचारलं, तर एकदम खुलला. ओकचं लाकूड किती जाड घ्यावं, खाली कसलं अस्तर घालावं, स्वयंपाकघरात लाकूड चालतं का, पॉलिश कुठलं, सगळं सांगत सुटला. दोन महिने त्याने याचाच अभ्यास केलाय. विचारलं, "कशासाठी?" थोडं थांबून म्हणाला, "एका मित्रासाठी."

मित्रासाठी एवढा वेळ देतो. फोन ठेवल्यावर नजीबा मिरच्यांच्या माळा उतरवायला वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मिरच्या अजून पुरत्या वाळल्याही नव्हत्या.

५ ऑक्टोबर

शुक्री आला. मकरूद मिठाईचा डबा घेऊन आला, खजूर ठासून भरलेले, चांगल्या दुकानातले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. रौधाचं डोकं दुखत होतं, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. सिरीन येऊन बापाला भेटली आणि आजीमागे जाऊन उभी राहिली.

शुक्री म्हणाला, "थोडा रुसवा आहे, काका. घरोघरी असतो. तुम्ही मोठे आहात."

रुसवा आहे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "अठरा तारखेला ये, दोघींना घेऊन जा." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. वर नेऊन त्याला खोल्या दाखवल्या. त्यालाही पांढरी चकचकीत लादीच आवडली. अखेर माझ्या मताचा एक माणूस भेटला.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात सांगितलं, अठरा तारीख ठरली. नजीबाने हातातली ताटली खाली ठेवली. रौधा म्हणाली, "बरं, बाबा."

रात्रीच्या कुसकुसमध्ये मीठ नव्हतं.

९ ऑक्टोबर

मीठ अजूनही नाही. मागितलं तर मिळतं, पण मागावं लागतं. नजीबा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते, आणि काम तर काहीच निघत नाही.

सॅटिनचं अडलंय. दुकानातल्या पत्र्याच्या तुकड्यावर बघून ठरवणं मला पटत नाही. वापरातला रंग बघायला हवा. रौधाच्या घरी सॅटिन आहे, तेव्हा तिथेच जाऊन पाहतो. घरात कोणाला काही बोललो नाही. विचारलंही नाही कोणी.

११ ऑक्टोबर

सामायिक गाडीने राजधानीला गेलो. शनिवार, शुक्री घरी होता. मला पाहून जरा गोंधळला. म्हटलं, "रंग बघायला आलो." तो हसला, कॉफी ठेवायला गेला.

जेवायच्या खोलीची भिंत. सॅटिन, फिकट बदामी रंग. लांबून उत्तम. चहाचा एकही डाग नाही. रौधा म्हणाली होती तसंच.

मग खिडकी उघडली आणि बाजूने उजेड घेऊन पाहिलं. फरहातकडून शिकलोय, भिंत समोरून बघायची नसते. पुट्टी भरलेल्या जागा दिसल्या. एक, मग दुसरी, मग बऱ्याच. काहींवर रंग जुना, काहींवर नवा. काम नेटकं होतं, सुरीने सपाट केलेलं, पुरुषाचा हात वाटत नव्हता. सगळ्या जागा टेबलाच्या एकाच खुर्चीमागे होत्या. दाराकडे पाठ असलेली खुर्ची. मी तिच्यावर बसून पाहिलं. वळून बघितलं, तर त्या माझ्या कानाच्या आसपास होत्या.

एका जागेची पुट्टी भरायची राहिली होती. त्यात माझ्या बोटाचं पेर पूर्ण गेलं. आत काचेचा कण होता.

शुक्री कॉफी घेऊन आला. विचारलं, "हे कशाने?"

"सामान हलवताना लागलं, काका."

मी आयुष्यात चार घरांचं सामान हलवलंय. सामान गुडघ्यापाशी लागतं.

कॉफी तशीच ठेवून निघालो. तो म्हणाला, "मग रंग पसंत पडला?" मी म्हटलं, "रंग चांगला आहे." गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "रंग बघून आलो."

१२ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. दिवसभर वरच्या मजल्यावर होतो. भिंती तपासल्या. सगळ्या सरळ आहेत.

संध्याकाळी नजीबा वर आली, माळांतून काढून चादरीवर पसरलेल्या मिरच्यांपाशी बसली. म्हटलं, "रौधाच्या घरची भिंत पाहून आलो. मला कोणी सांगितलं का नाही?"

"तिने सांगू दिलं नाही. म्हणाली, कळलं तरी बाबा मला परत पाठवतील."

अठरा तारीख मीच देऊन बसलो होतो.

१३ ऑक्टोबर

रौधा मशीनवर बसली होती. शेजारणीचे पडदे शिवायला घेतलेत तिने. समोर बसून विचारलं, "तुला कुठली फरशी हवी?"

"सांगितलं ना बाबा, ठिपक्यांची. अनीसला..."

"अनीसला नाही विचारत. तुला कुठली हवी?"

मशीन थांबलं. तिने सुईखालचं कापड सोडवलं. मग म्हणाली, "तुम्ही शब्द दिलाय त्याला."

"मी परवा तुझ्या घरी जाऊन आलो. खिडकी उघडून भिंत पाहिली."

ती पडद्याचं कापड चेहऱ्याला लावून बसली. मला काय करावं कळेना, म्हणून मी तिच्या शेजारी उभा राहिलो. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं. ठेवायला वेळ लागला, पण ठेवला.

थोड्या वेळाने ती कापडातूनच म्हणाली, "ठिपक्यांचीच. पाय घसरत नाही."

संध्याकाळी मी जाऊन लादी सांगून आलो. दुकानदार म्हणाला, "पांढरी नको?" म्हटलं, "मी तिच्यावरून घसरलो होतो." हे त्याला पहिल्यांदा कबूल केलं.

रात्रीच्या जेवणात मीठ होतं.

१८ ऑक्टोबर

अठरा तारीख. वर जायचा जिना बाहेरून आहे. फरहातला सकाळी जिन्याच्या लाद्या लावायला सांगितलं होतं. खालून सुरुवात कर म्हटलं. तो म्हणाला, "जिना वरून खाली करत येतात, सी तिजानी." म्हटलं, "आज खालून." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खालची पायरी घेतली. नजीबा, रौधा आणि सिरीन आधीच वर जाऊन बसल्या होत्या.

शुक्री दुपारी आला. गाडी सुरूच ठेवली होती. मी जिन्याच्या तोंडाशी.

"दोघी तयार आहेत ना, काका?"

"वर आहेत. पायऱ्या ओल्या आहेत, पाय देता येणार नाही."

"कधी सुकतील?"

"सांगता येत नाही. समुद्राची हवा आहे."

तो हसला. मग हसणं थांबवलं. "तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. त्यानंतर तुझी भिंत पाहिली."

त्याचा आवाज खालीच राहिला, पण चेहरा बदलला. हा चेहरा मी याआधी पाहिला नव्हता, घरातल्या बाकी सगळ्यांनी पाहिला असावा. "ती माझी बायको आहे. मध्ये पडू नका. म्हातारे आहात."

सकाळपासून उभा होतो. पण पुलावर आयुष्य गेलं. जहाज यायचं असलं की पूल उचलायचा आणि गाड्या अडवायच्या. लोक हॉर्न वाजवतात, आईवरून बोलतात, मोठमोठ्या माणसांची ओळख सांगतात. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. आपण उभं राहायचं. मी उभा राहिलो.

फरहात मागून थापी घेऊन आला. "सी तिजानी, त्यांच्या पायाखालची पण ओली करू का?"

वरून रौधा कठड्यापाशी आली. म्हणाली, "शुक्री, मी वकिलाकडे जाऊन आलेय. मंगळवारी कागद येतील तुला." एवढंच. आवाज न चढवता, फोनवर पडद्याचं माप सांगते तसं.

शुक्री जाताना मकरूदच्या डब्याबद्दल काहीतरी पुटपुटला. गाडी वळवताना शेजाऱ्याच्या कुंड्या पाडल्या. शेजाऱ्याला मी नव्या कुंड्या देईन.

सांगायचं राहिलं. खालच्या पायऱ्या ओल्या, तेव्हा वरच्या तिघी संध्याकाळपर्यंत खाली येऊ शकल्या नाहीत. जेवण टोपलीत घालून दोरीने वर पाठवलं. सिरीनला ते इतकं आवडलं, की पायऱ्या सुकल्यावरही रात्रीचं जेवण तिने टोपलीतूनच मागितलं.

३ नोव्हेंबर

ठिपक्यांची फरशी झाली. फरहातने सांधे पांढरे भरायला घेतले होते, रौधाने थांबवून करडे भरायला लावले. समुद्राकडच्या भिंतीला चुना. फरहात म्हणतो चुना हे गरिबाचं काम. तरी त्याने कपाटामागची भिंत खरवडून तिथे चुनाच लावलाय, असं त्याची बायको म्हणाली.

अनीसला फोन केला. म्हटलं, "वरचा मजला मी रौधाला दिला."

तो मग म्हणाला, "बरं केलंत, बाबा." पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "बाबा, मी इथे..."

"लाकूड घेतलंस की लादी?"

"लाकूड."

"फुगेल."

"इथे नाही फुगत, बाबा. घरातली हवा कोरडी असते."

"मग ठीक."

नजीबाने फोन घेतला आणि त्याला विचारलं, खिडक्यांना पडदे आहेत का. नाहीयेत. रौधाने तिथल्या तिथे मापं मागून घेतली.

३० नोव्हेंबर

आज जेवायच्या खोलीचा रंग. सॅटिनचा डबा मी आधीच आणून ठेवला होता, वाळूच्या रंगाला जुळणारा, पुसता येईल असा. सगळ्यांचं त्यावर एकमत झालेलं.

रौधा सकाळी दुसराच डबा घेऊन आली. मॅट. पांढरा.

फरहात म्हणाला, "बाई, जेवायच्या खोलीला मॅट? बोट लागलं तरी कायमचं राहतं. पुसायला गेलात की आणखी पसरतं."

"माहीत आहे."

मीही समजावलं. तिनेच मला शिकवलेलं सगळं तिला परत सांगितलं. पांढरा सगळं दाखवतो, मॅट काही सोडत नाही, या खोलीत लहान मूल आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पांढरी भिंत हवी आहे, बाबा."

माझा सल्ला विरुद्ध होता, याची इथे नोंद करतो.

फरहातने नाराजीनेच रंग दिला, पण रंग छान बसला. उजेड बाजूने घेऊन तपासला. कुठेही काही नाही. दुपारी रंग वाळल्यावर नजीबा खालून लब्लाबीचं पातेलं घेऊन आली, चणे, शिळा पाव आणि वर हरिसा, तिच्या हाताला येईल तेवढा. टेबल अजून आलेलं नाही. आम्ही चौघं नव्या फरशीवरच बसलो, भिंतीला लागून. फरहात लांबून ओरडला की जरा पुढे सरका, हरिसा भिंतीला लागेल.

कोणी सरकलं नाही.